नऊ खरीप आणि चार वळणं: लातूरकडच्या आमच्या स्टार्टअपचा हिशोब (थोडं लांब आहे)

तावरजाकाठ:

मंडळी, राम राम.

नोकरी सोडून मराठवाड्यात परत यावं का, शेतीमालातलं काही सुरू करावं का, असं विचारणारी दोन-तीन लेकरं गेल्या महिन्यात भेटली. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो.

मी २०१७ ला पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून लातूरला आलो. तेव्हापासून आमच्या कंपनीनं चार धंदे करून बघितले. आज अकरा माणसांचा पगार वेळेवर होतो आणि औसा-निलंगा पट्ट्यातल्या सहा शेतकरी उत्पादक कंपन्या आमच्याकडून काम करून घेतात. मात्र इथवर यायला जेवढी वर्षं आणि जेवढा पैसा गेला, त्यातला निम्मा तरी वाचला असता.

सुरुवात बाजारभावाच्या अ‍ॅपनं झाली. लातूर, उदगीर, औसा, अहमदपूर इथले सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव रोज मोबाइलवर दाखवायचे. भाव कळला की शेतकरी जास्त भावाकडं माल नेईल, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पहिल्याच खरिपात सहा हजार लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतलं आणि आम्हाला आकाश ठेंगणं झालं. लोक रोज भाव बघायचे, पण माल नेहमीच्याच अडत्याच्या (दलालाच्या) पेढीवर घालायचे.

मार्केट यार्डात एका काकांना मी विचारलं, "काका, उदगीरला दीडशेनं जास्त दाखवायलंय, मग इथं का आणलात?" काका पोत्यावर बसून पट्टीची (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीची) वाट बघत होते. म्हणले, "लेकरा, जूनमध्ये बी-खताला उचल ह्याच पेढीवरून घेतली. दवाखान्याला पैसे लागले तेव्हा रात्री ह्यांचंच दार वाजवलं. माल दुसरीकडं घातला तर पुढच्या मिरगाला कुणाच्या दारात उभारू?"

विक्रीचा निर्णय ऑक्टोबरात होतच नव्हता. तो जूनमध्येच झालेला असायचा. हे कळायला मला अख्खा हंगाम लागला. त्याहून मोठी चूक पुढं केली. काकांनी एवढं उघड करून सांगितल्यावर त्यांच्यापाशीच थांबून, मग तुम्हाला नेमकं कुठं नुकसान होतं, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले की वाहतुकीत मोठी संधी आहे, आणि आम्ही वाहतुकीकडं वळलो.

२०१८ ला गावातल्या चार-पाच जणांचा माल एकाच पिकअपमध्ये घालून यार्डात न्यायचं काम सुरू केलं. कल्पना वाईट नव्हती, पण मळणी सगळ्यांची एकाच पंधरवड्यात होते. तेव्हा प्रत्येकाला गाडी आजच पाहिजे, आणि डिसेंबरात तुरीपर्यंत गाड्या उभ्या. ड्रायव्हरचा पगार मात्र बारा महिने चालू. त्यातच माझा भागीदार मित्र थकला आणि परत पुण्याला गेला. त्याचा राग नाही, घरी म्हातारे आई-वडील होते. पण ४० टक्के शेअर त्याच्या नावावर होते आणि आम्ही आपसात काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं शेअर मिळतील, पहिलं वर्ष भरायच्या आत सोडलं तर काहीच नाही, एवढा साधा करार असता तर दोन वर्षांची घालमेल वाचली असती आणि आमची मैत्रीही शाबूत राहिली असती.

तिसरं वळण सगळ्यात महागात पडलं. माल थेट खरेदी करून प्रक्रिया कारखान्यांना द्यायचा. २०२० च्या हंगामात बरं चाललं. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीन चढत गेलं आणि ऑगस्टच्या सुमारास क्विंटलला दहा हजारांवर पोचलं. आम्ही ९,४०० नं ४०० क्विंटल धरून ठेवलं. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल दिसू लागला आणि बाजार कोसळला. आमचा माल ६,२०० नं गेला. क्विंटलमागं ३,२०० रुपये, म्हणजे १२ लाख ८० हजार एका फटक्यात. त्यात आईच्या पाटल्या गहाण टाकून आणलेले पैसे होते. अ‍ॅप करणारी आमची कंपनी कधी सट्टा करायला लागली, हे आम्हालाही कळलं नाही.

त्या दिवाळीत नवं काहीच सुरू केलं नाही. वही घेऊन दोन महिने यार्डात बसलो. सौदा झाला, काटा झाला, पट्टी हातात पडली की शेतकऱ्याला विचारून लिहून घ्यायचं: ओलावा किती धरला, कपात किती, मातेरं (माती-काडीकचरा) किती. पुढच्या खरिपातही तेच. मिळून २१२ पट्ट्या झाल्या, आणि आमचा धंदा त्या वहीत सापडला.

सोयाबीनला १२ टक्के ओलावा मान्य धरतात. परतीच्या पावसात काढलेला माल १६-१८ वर असतो. आता १६ टक्क्यांचं एक क्विंटल घ्या. त्यात कोरडा भाग ८४ किलो. तो १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन ९५ किलो ४५० ग्रॅम भरतं, म्हणजे खरी घट साडेचार किलो. आमच्या वहीत अशा मालाला सरासरी सात किलो कपात लागलेली होती. मधल्या अडीच किलोंचे, तेव्हाच्या भावानं, सव्वाशेच्या वर रुपये होतात. गावातच माल वाळवून, चाळून द्यायचा आणि क्विंटलला ६० रुपये घ्यायचे, हे चौथं वळण. २०२३ ला पहिला ड्रायर बसवला. आजही तेच करतो.

दर वेळी आम्ही सगळ्यात आधी गिऱ्हाईक बदललं आणि हातातलं सॉफ्टवेअर धरून ठेवलं. ते उलटं करायला पाहिजे होतं. पोत्यावर बसलेल्या काकांना धरून राहिलो असतो तर २०१८ लाच ड्रायरपाशी पोचलो असतो.

आणि पैशाचं. २०१८ ला नातेवाइकांकडून १८ लाख गोळा केले होते, महिन्याचा खर्च दीड लाख. आम्ही म्हणायचो, बारा महिने निघतील. पण सोयाबीनच्या धंद्यात बारा महिने म्हणजे एक खरीप. तो चुकला की पुढची संधी वर्षानं. आता मी पैसा हंगामांत मोजतो. तीन खरीप तग धरता येईल एवढं गाठीला असल्याशिवाय नवीन गोष्टीला हात घालत नाही.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं सांगतो.

---

गोदाथडी:

दादा, लिहिलंत हे फार बरं केलं. मी परभणीचा, सध्या पुण्यात. आमच्याकडं दर आठवड्याला एखादी नवी गोष्ट लोकांना दाखवतात, नाही चालली की काढून टाकतात. वर्षाला एकच संधी असेल तर शिकायचं कसं? नऊ वर्षांत नऊच प्रयोग?

तावरजाकाठ:

@गोदाथडी, ह्या प्रश्नानं मीही झोप घालवलीय. दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, सोयाबीन संपलं तरी तूर येते, मग हरभरा. पीक वेगळं असलं तरी काटा, चाळणी, पट्टी आणि माणसं तीच. चाळणीचे दर आम्ही आधी हरभऱ्यावर आजमावले, सोयाबीनला नंतर लावले. दुसरं, यंत्र आणायच्या आधी काम हातानं करून बघितलं. पहिल्या वर्षी ड्रायर नव्हताच. ताडपत्री, चार मजूर आणि उधार आणलेला मॉइश्चर (ओलावा) मीटर. एका गावात अकरा दिवस उन्हात माल वाळवून दिला आणि लोक ६० रुपये देतात का बघितलं. दिले. मगच कर्ज काढलं.

मीटरचं एक सांगतो, नवीन माणूस इथं हमखास फसतो. एकच सोयाबीन तीन मीटरवर टाकलं तर दीड टक्क्यापर्यंत फरक आला. ड्रायरमधून काढलेला गरम दाणा लगेच मोजला तर आकडा चुकतो, तो गार होऊ द्यावा लागतो. आम्ही दर हंगामाआधी नमुना ओव्हनमध्ये सुकवून, वजनाची घट काढून मीटर ताडून घेतो. आणि मोजणी नेहमी शेतकऱ्यासमोर. वीस क्विंटल आणलेला माणूस १९ क्विंटल ९ किलो परत नेताना बघतो तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतोच. आधीचं वजन, नंतरचं वजन आणि दोन्ही ओलावे एकाच चिठ्ठीवर लिहून दिले तरच त्याचा विश्वास बसतो.

उदगीरी अडत:

आमची तिसऱ्या पिढीची पेढी. तुमचं लिखाण मनापासून आवडलं, पण आमची बाजूही मांडतो. उचल देताना आम्ही काही तारण घेत नाही. पाऊस गेला, पीक गेलं, की आमचा पैसा दोन-दोन वर्षं अडकतो. बँकेत हेलपाटे घालून दमलेला माणूस आमच्याकडं येतो आणि अर्ध्या तासात पैसे घेऊन जातो. कपातीचं म्हणाल तर खरेदीदार मिलवरून गाडी परत पाठवतो तेव्हा भाडं कुणाच्या अंगावर पडतं? सौद्यात शंभर ढिगं बघायचे असतात. माणूस मूठ भरतो, दाणा दाताखाली चावतो आणि अंदाज धरतो. अंदाज आपल्याला जड पडू नये म्हणून दोन किलो जास्त धरले जातात. हे चूक आहे, मान्य करतो. पण अ‍ॅपवाले आले तेव्हा त्यांनी आम्हाला चोरच ठरवलं. एकदाही दुकानावर येऊन बसले नाहीत.

तावरजाकाठ:

दादा, तुमचं सोळा आणे खरं. आमच्या पहिल्या जाहिरातीत 'दलालाला हटवा' असं लिहिलं होतं. आज मला ते वाचवत नाही. जो माणूस जूनमध्ये शेतकऱ्याला उभं करतो, त्याला हटवण्याची भाषा आम्ही करत होतो आणि त्याच्या बदल्यात उचलीची सोय मात्र करत नव्हतो. यार्डात वही घेऊन बसलो तेव्हा बसायला जागा आणि चहा एका अडत्यांनीच दिला. आता चार पेढ्या आमच्या चिठ्ठीवरचा ओलावा धरून सौद्याला माल लावतात, कारण त्यांचाही परतीच्या गाडीचा त्रास कमी झालाय.

उचलीला थोडाफार पर्याय म्हणून आम्ही बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची माहिती गावोगाव सांगतो. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवसांची मुदत. पण तिथंही माल वाळलेला आणि स्वच्छ लागतो. तिथं आमचं काम जोडलं जातं.

तेरणामाई:

भाऊ, मी धाराशिव जिल्ह्यातली. आमचा बचत गट आधी पापड-कुरडया करायचा, आता तुरीची डाळ करतो. आम्हीही दोनदा वळलो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत तेव्हा ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाख. अनुदान मिळतंय म्हणून आम्ही गरजेच्या दुप्पट मोठी मिल घेतली. पण उरलेलं कर्ज आपल्यालाच फेडायचं असतं, ते कुणी समजावून सांगितलं नाही. दीड वर्ष मशीन अर्ध्या क्षमतेनं चाललं आणि हप्ता मात्र पूर्ण. आता शेजारच्या चार गावांची तूर भरडून देतो, मजुरीनं. तेव्हा कुठं हप्ता निघायला लागला. ज्या बहिणी योजनेचा विचार करतायत त्यांना सांगणं आहे, आधी किती माल येणार ते लिहून काढा, मग मशीन बघा.

तुम्हाला एक विचारायचं होतं. कंपनी बदलताना कागदपत्रांचं काय केलंत?

तावरजाकाठ:

ताई, मजुरीनं भरडायचा निर्णय फार शहाणपणाचा. मालाच्या भावाची जोखीम तुमच्या डोक्यावर राहत नाही. आम्हाला ते शिकायला पावणेतेरा लाख लागले.

कागदपत्रांत आम्ही फार ढिले राहिलो. वाहतुकीसाठी दुसरी प्रायव्हेट लिमिटेड काढली आणि पहिली तशीच पडून राहिली. धंदाच नाही तर भरायचं काय, असं वाटलं. पण बंद पडलेल्या कंपनीलाही दरवर्षी एओसी-४ (ताळेबंदाचा) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरणाचा; छोट्या कंपनीला आता एमजीटी-७ए) हे दोन फॉर्म भरावे लागतात, आणि उशीर झाला की फॉर्ममागं रोज १०० रुपये. आम्हाला जवळपास ७०० दिवस उशीर झाला. दोन फॉर्मचे १ लाख ४० हजार. तेवढ्यात एक चांगला स्पायरल सेपरेटर (गोल आणि चपटे दाणे वेगळे करणारं यंत्र) आला असता. धंदा बदलला म्हणून नवी कंपनी काढायची गरज नसते. आहे त्याच कंपनीच्या उद्देशांत बदल करता येतो. आणि खरोखर बंदच करायची असेल तर एसटीके-२ भरून रीतसर बंद करा.

बालाघाटी:

मी बीडकडचा, वय बासष्ट. लेकानं मोबाइलवर वाचून दाखवलं म्हणून त्याच्याच हातानं लिहून घ्यायलोय. तुमच्या धंद्यातलं मला काही कळत नाही, पण वळण्याचं कळतं. कोळपं चालू असलं अन् तासाच्या (पिकाच्या ओळीच्या) मधेच बैल वळवले तर पीक तुडवलं जातं. बैल कडंला, बांधापाशी नेऊनच वळवायचे. तिथं वळायला जागा सोडलेली असती. तुम्ही दोनदा मधेच वळलात असं वाटतं. अन् एक. आईच्या पाटल्या सोडवल्या का?

तावरजाकाठ:

काका, पाया पडतो. हो, २०२४ च्या दिवाळीला सोडवल्या. आई त्या दिवशी काही बोलली नाही, फक्त घालून स्वयंपाकाला लागली.

तासाचं तुम्ही म्हणता ते शब्दन् शब्द खरं. वाहतूक आम्ही नोव्हेंबरात, ऐन सुगीत बंद केली. बारा गावांनी गाडीच्या भरवशावर मळणी लावलेली होती. त्यातल्या तीन गावांत आजही आम्हाला काम मिळत नाही, आणि मिळू नये हे बरोबरच आहे. आता आमचा नियम आहे, खरीप चालू असताना काहीही बदलायचं नाही. चुका वहीत लिहायच्या, आणि निर्णय मार्चनंतर, हरभरा आटोपल्यावर.

मन्याडचं पाणी:

नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या सप्टेंबरात आमच्याकडं पुरानं शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. अशा वर्षी तुमच्यासारख्या धंद्याचं काय होतं? आणि मी नोकरी न घेता थेट ह्यात उतरू का?

तावरजाकाठ:

@मन्याडचं पाणी, २०२५ चा तो सप्टेंबर विसरता येणार नाही. जे सोयाबीन उभं राहिलं ते २२-२४ टक्के ओलाव्याचं आलं. ड्रायर रात्रंदिवस चालवला, मुलं पाळीनं तिथंच झोपली. पण पाण्यात बुडालेल्या मालाचा दाणा काळा पडलेला होता. ओलावा काढला तरी डाग जात नाही. एक आजी आठ पोती घेऊन आल्या होत्या. मी मूठ उघडून बघितली, वासच सांगत होता. त्यांना "आजी, वाळवायला पैसे घालू नका, ह्याला भाव मिळणार नाही" असं सांगताना जीभ उचलत नव्हती. हमीभाव ५,३२८ जाहीर झालेला, आणि त्यांचा माल हमीभाव केंद्राच्या दारातही उभा राहणार नव्हता. त्या वर्षी भिजलेल्या गावांकडून आम्ही निम्मे दर घेतले. तीन खरिपांची गंगाजळी ठेवायची म्हणतो ती अशा वर्षासाठीच.

आणखी एक धोका आहे, नियम बदलण्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये हमीभाव केंद्रांवर ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. शेतकऱ्यासाठी ते चांगलंच झालं. आमच्याकडं मात्र त्या आठवड्यात दोन गावांनी वाळवणीचे नंबर रद्द केले. तेव्हा ठरवलं की एकाच कामावर उभं राहायचं नाही. त्याच शेतकऱ्याला दुसऱ्या महिन्यात काय लागतं ते शोधायचं. ते सापडलं ते घरच्या बियाण्यात. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता, तेव्हापासून लोक घरचं बी राखायला लागलेत. एप्रिल-मेमध्ये आमचे सेपरेटर रिकामेच असायचे. आता त्यावर बियाणं निवडून देतो. गोल, भरलेला दाणा वेगानं बाहेरच्या पाळीतून उतरतो, चपटा आणि फुटका आतल्या बाजूनं सावकाश येतो. मशीनला मोटार नाही, वीज नाही. यंत्र तेच, माणूस तोच, फक्त महिना वेगळा.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घरची अडचण नसेल तरी लगेच उतरू नको. दोन वर्षं नोकरी कर, पण दर ऑक्टोबरात पंधरा दिवस सुट्टी काढून नांदेडच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) जाऊन बस. पट्ट्या बघ. नोकरीत असताना दोन हंगाम फुकटात बघायला मिळतात. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मन्याडचं पाणी:

दादा, दोन्ही ऑक्टोबर पक्के. आमच्या वडिलांनी ह्या वर्षी थोडं बी राखलंय, पण पुरातलं असल्यानं धाकधूक आहे. उगवण घरी बघता येते का?

तावरजाकाठ:

येते, आणि बघाच. ह्या वर्षी तर न बघता पेरूच नका. पोत्यात वर-खाली-मधे हात घालून दाणे काढा, निवडू नका, येतील तसे शंभर मोजा. गोणपाट भिजवून पिळून पसरा, त्यावर दहाच्या दहा ओळी लावा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका आणि हलक्या हातानं गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाण्याचा हबका मारा. पाच ते सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलोनं पेरा. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो बी वाढवा. ६० च्याही खाली आलं तर ते बी पेरू नका, वडील कितीही म्हणाले तरी.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आमचा सेपरेटर औशाजवळ लावलेला असेल. वडिलांना घेऊन ये, येताना दोन किलो नमुना आण. सकाळी लवकर निघ, दुपारी पत्र्याखाली थांबवत नाही.